वैलाची ऊब आणि राखेतला निखारा

(वासंतिक व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



आरंभीच एक कबुली देतो. मी विज्ञानाचा विद्यार्थी नव्हे. पदवी कलाशाखेची आणि सारी हयात वृत्तपत्राच्या कचेरीत गेलेली. तरीही आज अणुऊर्जेसारखा विषय घेऊन आपल्यासमोर उभा आहे, त्याला कारण एका मुलाचा प्रश्न. गेल्या वर्षी एका अभ्यासवर्गात ऊर्जेच्या स्वावलंबनावर मी बोललो. भाषण संपल्यावर अकरावीत शिकणारा एक मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, "काका, अणुभट्टीतून बाहेर काढलेले इंधन वर्षानुवर्षे गरम राहते, म्हणून ते पाण्याच्या तलावात बुडवून ठेवतात, असे आम्ही वाचले. मग ती उष्णता पाण्यात का घालवायची? तिच्यावर वीज का करायची नाही?"

मला उत्तर आले नाही. "विचारून सांगतो" असे म्हणून मी वेळ मारून नेली, पण प्रश्न मनातून गेला नाही. ज्या देशात अजूनही विजेची बचत करावी लागते, त्या देशात फुकटची उष्णता वाया का जावी? मी वाचत गेलो, जाणकारांना विचारत गेलो. जे हाती लागले ते आज आपल्यापुढे ठेवतो. त्या मुलाचे उत्तर त्यात आहे, आणि त्याच्या प्रश्नाहून मोठा असा आणखी एक प्रश्नही आहे.

आपल्यापैकी ज्यांचे बालपण खेड्यात गेले, त्यांना चुलीशेजारचा वैल आठवत असेल. चुलीतला जाळ आतल्या भोकातून वैलात जायचा. त्याला वेगळे लाकूड लागत नसे. चुलीवर भाकरी व्हायची आणि वैलावर दूध नाही तर आमटी ऊन राहायची. रात्री निजण्यापूर्वी आजी चुलीतले निखारे राखेखाली झाकून ठेवायची. सकाळी राख बाजूला सारून फुंकर घातली की त्याच निखाऱ्यावर नवा जाळ धरायचा. चूल, वैल आणि राखेतला निखारा, या तीन गोष्टी लक्षात ठेवा. माझे सगळे भाषण त्यांत बसते.

न विझणारी धग

कोळशाची भट्टी विझवली की विझते. अणुभट्टीचे तसे नाही. युरेनियमचा अणू फुटतो तेव्हा त्याचे जे तुकडे होतात, ते स्वतःच अस्थिर असतात. भट्टी बंद केली, नवे अणू फुटायचे थांबले, तरी आधीचे तुकडे किरणोत्सार करीत राहतात आणि त्यातून उष्णता निघत राहते. भट्टी बंद होण्याच्या क्षणी तिच्या पूर्ण शक्तीच्या सुमारे ६ ते ७ टक्के इतकी ही उष्णता असते. तासाभरात ती दीड टक्क्याच्या आसपास येते, दिवसभरात अर्ध्या टक्क्याच्या. मग मात्र ती फार सावकाश उतरते आणि पूर्णपणे कधीच थांबवता येत नाही. तिला बटण नाही.

या धगीची ताकद काय असते, ते आपल्याच देशात एकदा दिसले. ३१ मार्च १९९३ च्या पहाटे उत्तर प्रदेशातील नरोरा केंद्रात टर्बाइनची पाती तुटली, हायड्रोजनची गळती होऊन आग लागली, केबली जळाल्या आणि सुमारे १७ तास तो विभाग विजेविना राहिला. भट्टी बंद झाली होती, पण धग चालू होती. तेथील कर्मचाऱ्यांनी डिझेलवर चालणारे आग विझवण्याचे पंप सुरू करून बाष्पजनित्रांत पाणी सोडले. तापलेले पाणी वर चढते आणि निवलेले खाली उतरते, या साध्या नियमाने भट्टीतले जड पाणी पंपाविना फिरत राहिले. इंधन सुरक्षित राहिले. अंधारात आणि धुरात ज्यांनी हे केले, त्यांची नावे आपल्याला पाठ नाहीत. असायला हवी होती.

जपानमध्ये हे साधले नाही. ११ मार्च २०११ ला भूकंप होताच फुकुशिमाच्या चालू असलेल्या भट्ट्या नियमाप्रमाणे बंद झाल्या. नंतर आलेल्या त्सुनामीत डिझेल जनित्रे बुडाली आणि पाणी फिरवायला वीज उरली नाही. तीन भट्ट्यांतले इंधन वितळले ते केवळ या उरलेल्या धगीने. मात्र त्याच दुर्घटनेतली एक गोष्ट आपल्या विषयाची आहे. दुसऱ्या क्रमांकाच्या भट्टीत, धगीने तयार झालेल्या वाफेवरच चालणारा एक पंप सुमारे तीन दिवस भट्टीला पाणी पाजत राहिला. म्हणजे त्या मुलाच्या मनात होते ते थोडेसे घडलेच. इंधनाच्या उष्णतेनेच इंधनाला थंड ठेवले. पंप थांबला आणि मग अनर्थ झाला.

आज काक्रापार येथे उभ्या असलेल्या आपल्या ७०० मेगावॅटच्या स्वदेशी भट्ट्यांत ही धग विजेशिवाय, पाण्याच्या नैसर्गिक अभिसरणाने काढून घेण्याची व्यवस्था आहे. धगीचा पहिला आणि सर्वांत मोलाचा उपयोग हाच, की तिने स्वतःला निववण्याचे काम स्वतः करावे.

हिशेब मांडू या

आता विजेकडे वळू. आपल्या २२० मेगावॅटच्या भट्टीत इंधनाच्या ३,६७२ जुड्या असतात. एक जुडी म्हणजे अर्धा मीटर लांबीच्या १९ नळ्यांची मोळी, वजनाला सोळाएक किलो. भट्टीत असताना अशी एक जुडी सरासरी २०० किलोवॅट उष्णता देते. आपल्या न्हाणीघरातले शंभर गीझर एकदम लावले तर जेवढी उष्णता होईल, तेवढी. हीच जुडी बाहेर काढून दहा वर्षे तलावात ठेवली, की तिची उष्णता उरते पाचएक वॅट. देवघरातल्या झिरोच्या दिव्याइतकी.

अशा जुड्यांतले एक टन इंधन घेतले, तर दहा वर्षांनंतर सारी मिळून सुमारे ३०० वॅट उष्णता होते. आता हे वॅट विजेचे नव्हेत, उष्णतेचे आहेत. उष्णतेची वीज करताना किती हाती लागते, ते ठरते गरम आणि थंड यांतल्या अंतरावर. १८२४ मध्ये सादी कार्नो या फ्रेंच अभियंत्याने हा नियम मांडला आणि आजवर कोणालाही तो मोडता आलेला नाही. तलावाचे पाणी ५० अंश आणि बाहेरची हवा ३० अंश धरली, तर उत्तमात उत्तम यंत्रही त्या उष्णतेचा सहा टक्क्यांहून अधिक भाग विजेत बदलू शकत नाही. व्यवहारात तीन टक्के मिळाले तरी पुष्कळ. म्हणजे टनामागे नऊ वॅट. वर्षभराची मिळून ८० युनिट वीज, एखाद्या मध्यमवर्गीय घराचे जेमतेम एका महिन्याचे बिल. असे हजार टन इंधन एकत्र केले, तर नऊ किलोवॅट. त्यावर एखाद्या सोसायटीची लिफ्ट चालेल.

समृद्ध युरेनियमवर चालणाऱ्या भट्ट्यांचे इंधन अधिक काळ जळलेले असते, म्हणून ते अधिक गरम असते. दहा वर्षांनंतर टनामागे एक ते दोन किलोवॅट. पण तेथेही हिशेबाची जात तीच राहते.

कोणी म्हणेल, दहा वर्षे थांबता कशाला? पहिल्या वर्षीच उष्णता घ्या. तेव्हा ती खरोखरच पुष्कळ असते. परंतु तेव्हा किरणोत्सारही सर्वांत प्रखर असतो आणि उष्णता दर महिन्याला उतरत असते. आज बसवलेले यंत्र पुढच्या वर्षी मोठे ठरते. याहून मोठी अडचण निराळीच आहे. वाफ हवी तर इंधन तापू द्यावे लागते, त्यासाठी दाबाची बंद पात्रे लागतात. तलावाची सारी भिस्त मात्र उघड्या, खोल, थंड पाण्यावर असते. सुरक्षिततेसाठी जे निववायचे, तेच विजेसाठी तापवायचे, असा हा पेच आहे. आणि ज्या लाभासाठी हा धोका पत्करायचा, तो लाभ लिफ्टएवढा!

त्या मुलाला द्यायचे उत्तर हे. वैलावर दूध ऊन राहते, भाकरी भाजत नाही.

वैल कुठे उपयोगी पडतो

तरीही वैल निरुपयोगी नसतो. जेथे चूलच पेटवता येत नाही, तेथे वैलाची ऊबही अमृतासारखी असते. अशी जागा म्हणजे अंतराळ.

१९७७ मध्ये अमेरिकेने सोडलेली दोन व्हॉयेजर याने आज सूर्यापासून इतकी दूर आहेत, की सौरपट्टीला तेथे काही अर्थ उरत नाही. त्यांची वीज येते प्लुटोनियम-२३८ च्या धगीतून. हे प्लुटोनियम करण्यासाठी लागणारे नेप्च्युनियम वापरलेल्या अणुइंधनातून मिळते. प्रक्षेपणाच्या वेळी प्रत्येक यानाला सुमारे ४७० वॅट वीज मिळत होती. २०२१ मध्ये मंगळावर उतरलेल्या पर्सिव्हिअरन्स गाडीच्या जनित्रात ४.८ किलो प्लुटोनियम ऑक्साइड आहे. त्याची उष्णता २,००० वॅट आणि हाती येणारी वीज ११० वॅट. सहा टक्केसुद्धा नाही. पण मंगळावर ते ११० वॅट लाखमोलाचे.

आपणही या वाटेवर पाऊल टाकले आहे. २०२३ च्या चांद्रयान-३ च्या प्रणोदन कक्षात आपल्या अणुऊर्जा विभागाने केलेली, एकेक वॅट उष्णता देणारी दोन उपकरणे होती. वीज करणारी नव्हेत, नुसती ऊब देणारी. विक्रम अवतरकात मात्र अशी ऊब नव्हती आणि चंद्रावरच्या चौदा दिवसांच्या रात्रीनंतर तो जागा झाला नाही. पुढच्या मोहिमांसाठी हा धडा पुरेसा आहे.

आणखी एक घटना. २०१९ मध्ये ब्रिटनमधील कंब्रिया परगण्यात शास्त्रज्ञांनी एक लहानसा दिवा लावला. त्याची वीज आली होती अमेरिसियम-२४१ च्या उष्णतेतून, आणि ते अमेरिसियम वेगळे केले होते वापरलेल्या इंधनातून निघालेल्या, वर्षानुवर्षे साठवलेल्या जुन्या प्लुटोनियमपासून. त्याचे अर्धायुष्य ४३२ वर्षांचे. म्हणजे त्या मुलाला हवे होते ते घडले, वापरलेल्या अणुइंधनाच्या वारशावर दिवा लागला. पण तो गावासाठी नव्हता, दूरच्या यानांसाठी होता.

उबेचा मोह

पृथ्वीवर हा प्रयोग झाला नाही असे नाही. सोव्हिएत रशियाने आर्क्टिक किनाऱ्यावरची निर्मनुष्य दीपगृहे उजळण्यासाठी स्ट्रॉन्शियम-९० ची शेकडो जनित्रे बसवली. स्ट्रॉन्शियम हे अणुइंधनाच्या राखेतलेच एक द्रव्य. दीपगृहे उजळली. पुढे ते राज्यच कोसळले आणि जनित्रे बेवारस झाली. डिसेंबर २००१ मध्ये जॉर्जिया देशातल्या लिया गावचे तीन जण लाकडे आणायला रानात गेले. बर्फात एके ठिकाणी त्यांना दोन धातूची नळकांडी दिसली, त्यांच्याभोवतीचा बर्फ वितळलेला होता. कडाक्याची थंडी, रात्र पडलेली. ऊब मिळते म्हणून त्यांनी ती जवळ घेतली आणि त्यांच्या आधाराने रात्र काढली. तिघेही किरणोत्साराने गंभीर आजारी झाले. त्यांतला एक २००४ मध्ये दगावला. ती नळकांडी अशाच एका जनित्रातली होती.

आपल्या हिमालयातही असे एक जनित्र हरवले आहे. चीनच्या अणुचाचण्यांवर नजर ठेवण्यासाठी १९६५ मध्ये भारत आणि अमेरिका यांच्या संयुक्त पथकाने नंदादेवीवर प्लुटोनियमचे जनित्र नेले. हवामान बिघडले, जनित्र डोंगरावर ठेवून पथक खाली उतरले. पुढच्या वर्षी ते जागेवर नव्हते, आणि ते आजतागायत सापडलेले नाही. १९७८ मध्ये पंतप्रधान मोरारजी देसाई यांनी संसदेत त्याची कबुली दिली. फेब्रुवारी २०२१ मध्ये ऋषिगंगेला प्रलय आला, तेव्हा तेथील लोकांच्या तोंडी याच यंत्राचे नाव होते. शास्त्रज्ञांनी प्रलयाचे कारण कडा कोसळल्याचे दिले. पण ज्यांच्या माथ्यावर ते यंत्र हरवले आहे, त्यांच्या मनातली भीती कशी जावी? ज्या नद्यांचे पाणी पुढे गंगा म्हणून आपण ओंजळीत घेतो, त्यांच्या उगमाशी आपण काय ठेवून आलो, हा प्रश्न उरतोच.

म्हणून माझे म्हणणे एवढेच, की किरणोत्सारी उष्णता गावोगाव वाटण्याची वस्तू नव्हे. ज्या राखणदाराच्या हाती ती द्यायची, तो शेकडो वर्षे जागा राहिला पाहिजे.

राखेतला निखारा

मग त्या तलावात आहे तरी काय? येथे मोठा प्रश्न येतो. उष्णता हे त्या इंधनाचे खरे धन नव्हेच.

आपल्या जड पाण्याच्या भट्टीतून बाहेर आलेल्या इंधनात जळून राख झालेला भाग एक टक्क्याहूनही कमी असतो. जवळजवळ ९९ टक्के युरेनियम तसेच असते. आणि टनामागे साडेतीन किलोच्या आसपास प्लुटोनियम नव्याने तयार झालेले असते. एक ग्रॅम प्लुटोनियमचे पूर्ण विखंडन झाले, तर सुमारे २४,००० युनिट उष्णता मिळते. म्हणजे एक टन इंधनातल्या प्लुटोनियममध्ये आठ कोटी युनिटांहून अधिक उष्णता दडलेली आहे. एका फेरीत ती सगळी निघत नाही, हे खरे. पण दुसऱ्या पारड्यात काय आहे ते आठवा: वर्षाला ८० युनिट वीज. वैल आणि निखारा यांतला फरक तो हा.

डॉ. होमी भाभांनी हे १९५० च्या दशकातच ओळखले होते. आपल्याकडे युरेनियम थोडे, थोरियम विपुल. म्हणून पहिल्या टप्प्यात युरेनियम जाळायचे, दुसऱ्यात त्यातून निघालेल्या प्लुटोनियमवर प्रजनक भट्ट्या चालवायच्या आणि तिसऱ्यात थोरियमकडे जायचे. वापरलेले इंधन हा या मार्गावरचा पूल आहे. तुर्भ्याचा पुनर्प्रक्रिया कारखाना १९६४ मध्ये आपल्या अभियंत्यांनी उभारला. त्या प्रकल्पाचे नाव होते 'फिनिक्स', राखेतून उठणारा पक्षी. एवढे नेमके नाव सरकारी प्रकल्पांना क्वचितच मिळते.

या निखाऱ्याची किंमत परकीयांनाही ठाऊक होती. तारापूरसाठी १९६३ मध्ये अमेरिकेशी ३० वर्षांचा करार झाला. १९७४ च्या पोखरण चाचणीनंतर अमेरिकेने इंधनाचा हात आखडता घेतला. पुढे वापरलेल्या इंधनावर पुनर्प्रक्रिया करण्यास संमतीही दिली नाही आणि ते परत नेलेही नाही. पुनर्प्रक्रियेचा कारखाना तारापुरातच उभा असताना ते इंधन आपण तलावात सांभाळत बसलो. ज्याला कोणी कचरा म्हणतो, त्याच्यावर इतकी वर्षे वाटाघाटी होत नसतात. २००८ च्या अणुकरारानंतर पुनर्प्रक्रियेची व्यवस्था ठरायला २०१० साल उजाडले.

दरम्यान कल्पाक्कमला १९८५ पासून आपली छोटी प्रजनक चाचणी भट्टी चालू झाली. तिचे स्वतःचे वापरलेले इंधन पुन्हा शुद्ध करून तिलाच भरवण्याचे कसब आपल्या शास्त्रज्ञांनी साधले. ५०० मेगावॅटच्या मोठ्या प्रजनक भट्टीचे काम २००४ मध्ये सुरू झाले आणि तिच्या गाभ्याच्या भरणीला आरंभ झाला मार्च २०२४ मध्ये. वीस वर्षे! हा विलंब झाकून ठेवण्यात देशभक्ती नाही. जगातही हा मार्ग सोपा ठरलेला नाही. फ्रान्सने आपली मोठी प्रजनक भट्टी गुंडाळली, जपानने २०१६ मध्ये मोंजूचा नाद सोडला. रशियाची मात्र १९८० पासून चालू आहे. पुनर्प्रक्रिया महाग आहे, तिच्यातून निघणारे प्रखर द्रव काचेत गोठवून पिढ्यान् पिढ्या सांभाळावे लागते. हे सारे जाणूनच आपण हा मार्ग धरला, कारण युरेनियमसाठी दुसऱ्याच्या दाराशी उभे राहण्याचा अनुभव तारापूरने आपल्याला दिला होता.

आणि उरलेल्या राखेचेही आपल्या शास्त्रज्ञांनी सोने केले आहे. भाभा अणुसंशोधन केंद्राने त्यातून सीझियम वेगळे काढून काचेच्या कांड्या केल्या. रुग्णाला द्यायचे रक्त किरणांनी सुरक्षित करण्यासाठी त्या वापरतात. रुथेनियमच्या चकत्या डोळ्याच्या कर्करोगावर चालतात. धगीपासून दिवा लावण्यापेक्षा, राखेतून एखाद्याचा डोळा वाचवणे मोठे नव्हे काय?

आपले काम

बंधुभगिनींनो, २०४७ पर्यंत १०० गिगावॅट अणुवीज हे उद्दिष्ट २०२५ च्या अर्थसंकल्पात जाहीर झाले आहे. भट्ट्या वाढतील तसे हे तलावही वाढतील. त्या वेळी 'फुकटच्या उष्णतेवर वीज' अशा आकर्षक घोषणा कोणी ना कोणी करीलच, आणि 'हा नुसता विषारी कचरा आहे' अशी भीतीही कोणी घालील. दोघांनाही एकच विचारा: हिशेब मांडा. किती टन, किती अंश, किती युनिट, आणि राखण कोण करणार? राष्ट्रप्रेमाला गणिताचे वावडे असता कामा नये.

त्या मुलाला मी पत्र लिहिले आहे. त्यात लिहिले, की तुझा प्रश्न चुकीचा नव्हता. फक्त तू वैलाकडे पाहत होतास, निखारा शेजारीच होता. तो निखारा फुलवायला अजून पुष्कळ वर्षे लागतील आणि ते काम तुझ्या पिढीचे आहे. त्याचे उत्तर आले. विज्ञान शाखेतच पुढे जायचे ठरवले आहे, असे त्याने लिहिले होते, आणि खाली एक ओळ होती: "काका, वैल म्हणजे काय ते आजीला विचारून घेतले."

आजी राख फेकण्यापूर्वी ती हाताने चाळून बघायची. विस्तव असेल तर राखायची, नसेल तर त्याच राखेने भांडी घासायची. काहीच वाया जात नसे आणि घरही कधी पेटले नाही. एवढे शहाणपण आपण राखले तरी पुरे.